चाकांची चकाकी

मनुष्यास चकचकीत वस्तूंची आवड उपजतच असते. तान्हें मूल देखील दिव्याकडे आणि घांसलेल्या वाटीकडे हात करितें. ही आवड वाईट आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. जेथें स्वच्छता आहे तेथें बहुधा काळजी असते, आणि जेथें काळजी आहे तेथें वस्तु टिकते, हा घरोघरचा अनुभव आहे. परंतु कित्येकदां चकाकीच काळजीची जागा बळकावून बसते, आणि मग वरून उजळलेल्या वस्तूच्या पोटांत काय चाललें आहे हें पाहण्याची कोणास आठवण राहत नाहीं. हा भेद ध्यानीं येण्यास एक साधें, पण आपल्याकडे फारसें परिचित नसलेलें उदाहरण आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तें म्हणजे अमेरिकेंतील मोटरहोमचीं ॲल्युमिनियमचीं चाकें, व तीं मंद झालीं असतां पुन्हां उजळण्याचा खटाटोप.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचें घर. त्यांत निजण्याची जागा, चूल, पाण्याची टाकी, स्नानगृह हें सर्व असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ कुटुंबें, विशेषेंकरून नोकरींतून निवृत्त झालेलीं माणसें, अशा गाडींतून महिनोन्‌महिने देश पाहत हिंडतात. उत्तरेकडे थंडी पडूं लागली म्हणजे फ्लॉरिडा किंवा ॲरिझोना यांसारख्या उबदार प्रांतीं उतरतात. यांपैकीं मोठ्या गाडीचें वजन १५ टनांच्याही वर जातें. तो सर्व भार साडेबावीस इंच व्यासाच्या मोजक्या चाकांवर असतो. हीं चाकें पुष्कळदां ॲल्युमिनियमचीं असतात व नवीं असतांना आरशासारखीं दिसतात. परंतु थोड्याच वर्षांत त्यांवर पांढुरकी, दुधट छाया येते, डाग पडतात, आणि लाखमोलाची गाडी एकाएकीं जुनाट दिसूं लागते. मग मालकाचा जीव तळमळतो, व तो दुकानांत जाऊन "झटपट चमक" देणारी बाटली मागतो.

या बाबतींत आमचें मत थोडक्यांत असें आहे. चाकाचा मंदपणा हा चाकाचा शत्रु नाहीं. चाक उजळण्याचे श्रम अवश्य करावे. पण त्या श्रमांचें खरें फळ चाकाजवळ बसून त्याची जी परीक्षा होते तिच्यांत आहे, आणि चकाकी ही त्या फळाची साल होय. ज्या उपायानें चकाकी येते पण परीक्षा टळते, तो उपाय कितीही स्वस्त असला तरी अखेर महागच पडतो. असें आम्ही कां म्हणतों, हें समजण्यास प्रथम हा धातु समजला पाहिजे.

ॲल्युमिनियमची हकीकत विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखी आहे. पृथ्वीच्या कवचांत इतर कोणत्याही धातूपेक्षां तें अधिक सांपडतें. परंतु तें ऑक्सिजन वायूशीं इतकें घट्ट जखडलेलें असतें कीं, तें मोकळें करणें फार वर्षें अतिशय महाग पडे. १८८४ सालीं वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या टोकावर ॲल्युमिनियमचें एक लहानसें शिखर बसविलें, तेव्हां तो मोलाचा धातु गणला जात होता. पुढें दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, ओहायओ प्रांतांतील ओबर्लिन गांवीं चार्ल्स मार्टिन हॉल या २२ वर्षांच्या तरुणानें विजेच्या प्रवाहाच्या योगें हा धातु वेगळा करण्याची रीत शोधून काढिली. त्याच वर्षीं फ्रान्समध्यें पॉल एरू यानेंही स्वतंत्रपणें तीच रीत शोधिली. हॉल ज्या कॉलेजांत शिकला तेथील रसायनशास्त्राचे अध्यापक फ्रँक ज्युएट यांनीं त्यास या प्रश्नाची गोडी लाविली होती, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं व आम्हां शिक्षकांनींही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्यानंतर ॲल्युमिनियम स्वस्त झालें, आपल्या स्वयंपाकघरांत आलें, आणि १९४८ सालीं अल्कोआ कंपनीनें घडीव ॲल्युमिनियमचें मालमोटारीचें चाक तयार केलें. मोठ्या मोटरहोमचीं चाकें याच कुळांतलीं आहेत. पाण्याच्या मानानें लोखंड सुमारें ७.९ पट जड, तर ॲल्युमिनियम २.७ पटच जड. यावरून अशा चाकाची योग्यता सहज कळून येईल.

आतां मंदपणाचें कारण पाहूं. लोखंड गंजतें तेव्हां गंजाचे पापुद्रे सुटतात, खालचें लोखंड उघडें पडतें, व तेंही गंजूं लागतें. अशा रीतीनें तो रोग आंत आंत शिरतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी आहे. त्याचा ताजा पृष्ठभाग हवेस लागतांच त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. हा थर अवघा कांहीं नॅनोमीटर जाड असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तो पारदर्शक असतो, धातूस घट्ट चिकटून राहतो, आणि पुढें हवेस आंत येऊं देत नाहीं. माणिक व नीलमणी हीं रत्नें मुळांत याच द्रव्याचीं आहेत हें सांगितलें, म्हणजे तो थर किती कठीण असेल याची कल्पना येईल. सारांश, हा धातु आपलें चिलखत आपणच विणतो.

मग चाक पांढुरकें कां दिसतें? तर पावसाचें पाणी त्यावर सांचून सुकतें. ब्रेकची भुकटी तापून चिकटते. उत्तरेकडील प्रांतांत हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, तें मीठ चिलखतांतील बारीक फटींतून शिरून धातूस सुईच्या टोंकाएवढे खळगे पाडतें. पृष्ठभाग असा खडबडीत झाला म्हणजे प्रकाश सरळ परत न येतां चहूंकडे विखुरतो, व डोळ्यांस तो ढगाळ दिसतो. कित्येक चाकांवर कारखान्यांतच पारदर्शक रोगण दिलेलें असतें. त्या रोगणास कोठें टवका उडाला, कीं तेथून रोगणाखालीं केसासारख्या पांढऱ्या वेड्यावांकड्या रेघा पसरूं लागतात. हें सर्व दिसण्यास ओंगळ खरें. तरी केवळ पांढुरकी छाया आल्यानें चाक दुबळें होत नाहीं. खळगे मात्र खोल जाऊं देऊं नयेत.

आमच्या वाचकभगिनींस यांतील रसायनशास्त्र नवें वाटणार नाहीं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत नुसतें पाणी वारंवार उकळलें कीं त्याचा आंतला भाग काळवंडतो. धुण्याचा सोडा लागला तर अधिकच काळवंडतो. आणि त्याच पातेल्यांत चिंचेचें सार किंवा टोमॅटो शिजविले कीं तें पुन्हां उजळतें. ती कांहीं जादू नव्हे. आम्लानें वरचा थर, व त्याबरोबर धातूचा थोडा अंश, विरघळून नेला, म्हणून पातेलें उजळलें. या धातूचें चिलखत आम्ल आणि अल्क या दोहोंपुढेंही टिकत नाहीं.

बाजारांतील कांहीं "झटपट" बाटल्यांचें मर्म हेंच आहे. त्यांपैकीं कित्येकांत तीव्र आम्लें असतात, व कांहींत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा तें उत्पन्न करणारीं द्रव्यें असतात. हें आम्ल चाकापेक्षां माणसास अधिक घातक आहे. तें कातडींतून आंत शिरतें. सौम्य असलें तर प्रथम वेदनाही होत नाहींत, कांहीं तासांनीं होतात. आणि तें शरीरांतील कॅल्शियम बांधून टाकीत असल्यामुळें अंगावर बरेंच सांडल्यास हृदयाची गति बिघडून प्राणावर बेततें. एका दुपारच्या चकाकीकरितां असला पदार्थ मुलें खेळतात त्या अंगणांत आणावा, हें आम्हांस समंजसपणाचें वाटत नाहीं. शिवाय तीव्र आम्लानें धुतलेलें चाक बहुधा आरशासारखें न होतां पांढरट व खरबरीत होतें, आणि पूर्वींपेक्षां लवकर मळतें. दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण अशा बाटलीवर छापून ठेवावी अशी आहे.

याउलट जी सरळ वाट आहे ती लांब असली तरी चोख आहे. प्रथम सौम्य साबण व भरपूर पाणी यांनीं चाक धुवावें. धूळ-वाळू राहिली तर पुढें तीच ओरखडे काढते. मग चाक उघड्या धातूचें आहे कीं रोगण दिलेलें, हें ओळखावें. एका आडोशाच्या जागीं थोडें धातूचें पॉलिश लावून फडक्यानें चोळावें. फडकें काळें झालें तर धातु उघडा आहे, न झालें तर वर रोगण आहे असें समजावें. रोगण शाबूत असेल तर तेथें घांसण्याचें कामच नाहीं. धुणें व मेण लावणें एवढेंच पुरे. अल्कोआ या नांवाच्या चाकांपैकीं ड्युरा-ब्राइट जातीच्या चाकांवर कारखान्यांतच विशेष संस्कार केलेला असतो. त्यांस खरखरीत पॉलिश लाविल्यास तो संस्कारच नष्ट होतो. म्हणजे हात उचलण्यापूर्वीं वस्तूची जात ओळखणें हा पहिला धडा.

धातु उघडा असेल, किंवा फुटलेलें रोगण काढून टाकिलें असेल, तर मग वॉटर पेपरचें काम सुरू होतें. खळगे असतील त्या मानानें ३२० किंवा ४०० नंबरच्या कागदापासून आरंभ करून ६००, ८००, १०००, १५०० असें चढत जावयाचें, व कागद सतत ओला ठेवावयाचा. प्रत्येक नवा कागद मागच्या कागदाचे ओरखडे पुसून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवितो. म्हणून जाणते कारागीर दर वेळीं घांसण्याची दिशा बदलतात. आडवे ओरखडे पुरे गेले, उभेच राहिले, म्हणजे पुढचा कागद घ्यावा. मध्यें एखादा नंबर गाळला तर त्या वेळीं कांहीं कळत नाहीं; पण शेवटीं पॉलिश लाविल्यावर मागचे सर्व ओरखडे चकाकींतून वर डोकें काढितात. इयत्ता गाळून वरच्या वर्गांत बसलेल्या मुलाची जी दशा होते, तीच या चाकाची. त्यानंतर सुती बफ व पॉलिश यांनीं चाक उजळावें. पुष्कळ पॉलिशांतील घांसणारी पूड ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच असते. ज्या द्रव्यानें धातु झांकला त्याच द्रव्यानें तो उजळतो, ही सृष्टींतील एक मौज आहे. शेवटीं मक्याचें पीठ भुरभुरवून मऊ फडक्यानें पुसलें असतां उरलेलें तेलकट पॉलिश निघून जातें.

येथें दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, फडक्यावर जो काळा मळ येतो त्यांत चाकाचाच झिजलेला धातु असतो. घांसणें म्हणजे थोडें थोडें काढून टाकणें होय. म्हणून जरुरीपेक्षां जाड कागदानें आरंभ करणें हा उधळेपणा आहे. दुसरी ही कीं, उजळलेला धातु उघडा असतो, व त्याच क्षणापासून तो पुन्हां आपलें चिलखत विणूं लागतो. मेण किंवा तत्सम लेप दिल्यास तेज अधिक दिवस राहील. पण एकदां घांसलें व जन्माचें काम झालें असें या धातूच्या बाबतींत होत नाहीं. ज्यास वर्षांतून दोनचार वेळां चाकाजवळ बसण्याची तयारी नसेल, त्यानें आरशाचा हट्ट सोडून स्वच्छ, मंद पृष्ठभागावर संतोष मानावा. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. जो मनुष्य एका चाकाजवळ तीन-चार तास बसतो, त्याचे डोळे त्या चाकाच्या प्रत्येक भागावरून फिरतात. बोल्टांच्या भोकांभोंवतीं केसासारखी चीर आहे काय? नटापासून बाहेरच्या बाजूस गंजाचे ओघळ आले आहेत काय? असे ओघळ पुष्कळदां नट सैल असल्याची सूचना देतात. टायर जेथें बसतो ती कड झिजून धारदार झाली आहे काय? टायरच्या बाजूवर चार अंकांत कारखान्यांतील आठवडा व वर्ष छापलेलें असतें; त्यावरून टायरचें वय किती भरतें? मोटरहोम वर्षांतील बराच काळ एका जागीं उभी असते. तिच्या टायरांची नक्षी झिजलेली नसली तरी रबर म्हातारें झालेलें असूं शकतें. हीं सर्व लक्षणें मळाखालीं लपतात, आणि मळ काढणारास तीं प्रथम दिसतात. चीर दिसली तर तें चाक बाद करावें. तिच्यावर वेल्डिंग करूं नये. हें चाक घडवून व उष्णतेचे संस्कार देऊन बळकट केलेलें असतें, आणि वेल्डिंगच्या आंचेनें भोंवतालचें तें बळ नाहींसें होतें. १५ टनांचें घर, व त्यांत झोंपलेलीं किंवा गप्पा मारणारीं माणसें, त्या एका केसाएवढ्या चिरेवर अवलंबून असतात.

कोणी म्हणतील, "एवढा त्रास कशाला? स्टेनलेस स्टीलचीं झांकणें मिळतात. तीं बसविलीं कीं चाक आपोआप चकाकतें." झांकणें मिळतात हें खरें, व कित्येक गाड्यांच्या लोखंडी चाकांवर तीं असतातही. परंतु झांकण चकाकतें, चाक चकाकत नाहीं. आणि ज्याखालीं नट झांकले गेले त्याखालीं नटांची हयगयही झांकली जाते. झांकण ठेवावयाचें तर तें वेळोवेळीं काढून पाहण्याचा नियम ठेवावा. दुसरे कोणी म्हणतील, "मंदपणा निरुपद्रवी आहे असें तुम्हीच म्हणतां, तर मग चाकास हातच लावूं नये." त्यांस आमचें उत्तर असें कीं, मंदपणा निरुपद्रवी असला तरी दुर्लक्ष निरुपद्रवी नसतें. मिठाचे खळगे वेळीं धुतले नाहींत तर ते खोल जातात. आणि जें चाक कोणी वर्षानुवर्षें जवळून पाहत नाहीं, त्याची चीर रस्त्यावरच कळते.

ज्या घरीं हें काम होईल तेथें कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. कोणी आळशी लोक मागचीं चाकें जॅकवर उचलून, इंजिन सुरू करून, फिरत्या चाकास कागद लावितात. वेळ वांचविण्याच्या या युक्तींत हात जाण्याची, व गाडी जॅकवरून सुटल्यास जीव जाण्याची भीति आहे. ती सर्वथा वर्ज्य करावी. बफ यंत्रावर असेल तर तो एकाच जागीं दाबून धरूं नये. ॲल्युमिनियमची कोरडी पूड श्वासांत जाऊं देऊं नये, व तिच्याजवळ ठिणगी उडूं देऊं नये. बारीक पूड पेट घेते. चाक जेथें हबास व शेजारच्या चाकास टेकतें त्या सपाट भागीं रंग किंवा लेप देऊं नये, कारण तो पुढें दबून नट सैल पडतात. चाक काढून बसविलें असेल तर नट टॉर्क पान्यानें कारखान्यानें ठरविलेल्या मापाप्रमाणें आवळावे, आणि गाडी थोडी चालवून झाल्यावर पुन्हां तपासावे. चाकाची सर्व शोभा या शेवटच्या तपासणीपुढें फिकी आहे.

वाचक विचारतील कीं, अमेरिकेंतील या फिरत्या घरांशीं आपला काय संबंध? संबंध आहे. आज आपल्याकडेही पुष्कळ मोटारींस व दुचाकींस ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं चाकें असतात, आणि कोंकणच्या खाऱ्या हवेंत राहणाऱ्या कुटुंबांस त्यांवरील पांढरे डाग चांगले ठाऊक आहेत. या चाकांपैकीं बहुतेकांवर रंग किंवा रोगण असतें, म्हणून आधीं त्यांची जात ओळखावी. आम्लाची बाटली घरांत आणूं नये. आणि खाऱ्या वाऱ्याच्या दिवसांत गोड्या पाण्यानें तीं वरचेवर धुवावीं. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, सुटीच्या दिवशीं गाडी धुवावयाची असेल तेव्हां मुलांस नुसतें पाणी ओतावयास न लावतां चाकाजवळ बसवावें. नट किती आहेत, ओघळ कोठें आहे, टायर कोणत्या सालचा आहे, हें त्यांजकडून वाचून घ्यावें. विद्यार्थ्यांनींही फडकें हातीं घेतल्यावर आधीं पाहावें, मग पुसावें. चाक किती उजळलें हें कोणीही येणारा-जाणारा सांगेल; तें किती दिवस साथ देईल हें मात्र त्याच्याजवळ बसून ज्यानें त्याचा प्रत्येक नट पाहिला आहे, त्यासच सांगतां येईल.